अंगणात कॅफे रेसर बांधताना कटर सर्वांत शेवटी हातात घ्यावा

नागपुरातील मानेवाडा भागात राहणाऱ्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी 2002 साली घेतलेली हिरो होंडा सीबीझी गेली चार वर्षे अंगणातील शेडखाली उभी आहे. तिची घरच्या घरी कॅफे रेसर, म्हणजे खालचे हँडल आणि सपाट सीट असलेली जुन्या ब्रिटिश धाटणीची गाडी, करायची आहे. ग्राइंडर आणि ड्रिल घरात आहे, वेल्डिंग मशीन मामांच्या दुकानातून मिळेल, हाताशी 30,000 रुपये आहेत आणि पावसाळ्याआधी गाडी रस्त्यावर आणायची आहे. तेव्हा चेसी मागून नेमकी कुठे कापावी आणि पॉड फिल्टर (मूळ एअर बॉक्सऐवजी थेट कार्ब्युरेटरवर बसणारा छोटा फिल्टर) लावल्यावर कार्ब्युरेटरमध्ये कोणते जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्राची खुंटी, टाकावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी नागपुरात 19 वर्षांपासून जुन्या मोटारसायकली दुरुस्त करतो आणि त्यांतील काहींना मालकाच्या आवडीप्रमाणे नवे रूप देतो. त्या अनुभवावरून सांगतो की आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी कामाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात येतात आणि पहिल्या टप्प्यांची कामे नीट झाली तर त्या बहुधा कराव्याच लागत नाहीत. आपला खरा प्रश्न क्रमाचा आहे. घरी सुरू केलेल्या आणि अर्ध्यावर सोडलेल्या ज्या गाड्या माझ्याकडे टेम्पोत घालून आणल्या जातात, त्यांपैकी बहुतेकांत एकच गोष्ट घडलेली असते: पहिल्याच रविवारी मागची चेसी कापली जाते, आणि नंतर ब्रेक, वायरिंग, कागदपत्रे व बसण्याची ठेवण यांपैकी कशाचाच मेळ लागत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. आपली उंची किती, गाडी रोज कामावर न्यायची आहे की फक्त रविवारी सकाळी चालवायची आहे, मागे कोणी बसणार आहे का, आणि इंजिन आज कोणत्या स्थितीत आहे, या चार प्रश्नांच्या उत्तरांनुसार माझा सल्ला बदलेल. उत्तर लिहिताना मी असे धरून चालतो की गाडी आठवड्यातून तीन-चार दिवस शहरात चालेल आणि इंजिन जाम झालेले नाही.

कायद्याची बाजू मी मुद्दाम आधी घेतो, कारण चेसी कापावी की नाही याचे उत्तर तिथेच बऱ्याच अंशी मिळते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ असाच कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182ए मध्ये विनापरवाना बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला हाताने धरायची मूठ, पायदान आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावे लागते. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. रंग बदलला तरी त्याची नोंद प्रमाणपत्रात करून घ्यावी लागते. आपली गाडी 2002 ची असल्यामुळे तिच्या नोंदणीची 15 वर्षांची पहिली मुदत 2017 मध्ये संपली आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. ते झालेले आहे की नाही हे आज संध्याकाळीच तपासावे. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि मागून कापलेली गाडी घेऊन तिथे उभे राहण्याची वेळ आपल्यावर येऊ नये असे मला मनापासून वाटते.

म्हणून गेली काही वर्षे मी एकच नियम पाळतो. जे काही नवे बसवायचे ते मूळ छिद्रांवर, बोल्टने आणि एका दिवसात पूर्ववत करता येईल अशा रीतीने बसवायचे. काढलेला प्रत्येक मूळ भाग पुसून, तेलाचा हात फिरवून, चिठ्ठी लावून एका पेटीत ठेवायचा. वडिलांच्या गाडीच्या बाबतीत तर हा नियम मी आणखी आग्रहाने सांगेन, कारण उद्या त्यांना ती पुन्हा जशी होती तशी पाहावीशी वाटली तर ते शक्य असले पाहिजे.

आता थोडे मागे जाऊ. कॅफे रेसर हा प्रकार 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि 1960 च्या दशकात ब्रिटनमध्ये रूढ झाला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणारी तरुण मुले ताशी 100 मैलांचा वेग गाठण्यासाठी आपल्या गाड्यांवरचे अनावश्यक वजन उतरवत, हँडल खाली घेत आणि पायदाने मागे नेत. नॉर्टनच्या फेदरबेड चेसीत ट्रायम्फचे इंजिन बसवून तयार केलेली ट्रायटन ही त्या काळातील सर्वांत गाजलेली जोडणी, आणि तिच्यामागचे कारण साधे होते: चेसी एकाची चांगली, इंजिन दुसऱ्याचे चांगले. हे सांगण्याचे कारण असे की त्या गाड्यांची ठेवण कामातून आली होती. सपाट सीट, मागचा छोटा उंचवटा, आडवी रेष, हे सगळे स्वार पुढे वाकून बसतो म्हणून तसे झाले. आपण दिसण्यापासून सुरुवात केली तर ती ठेवण कधीच जुळत नाही, आणि बसण्यापासून सुरुवात केली तर ती बहुतेक वेळा आपोआप जुळत जाते.

पहिला टप्पा असा की गाडी आहे त्या रूपात पूर्णपणे चालती करावी. चार वर्षे उभ्या असलेल्या गाडीला थेट किक मारू नये. टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे, प्लग काढून त्या छिद्रातून थोडे इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये सोडावे, किक हाताने दाबून इंजिन हळूहळू फिरवावे, आणि मगच ऑइल बदलून, कार्ब्युरेटर खोलून, साफ करून गाडी सुरू करावी. टाकीत गंज असेल तर तो रसायनाने किंवा पांढऱ्या व्हिनेगरने काढता येतो, मात्र नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन ती लगेच कोरडी करावी लागते. टाकीजवळ, आणि विशेषतः रिकाम्या टाकीजवळ, वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग मुळीच करू नये. रिकाम्या टाकीत साचलेली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीतील पेट्रोलपेक्षा अधिक धोकादायक असते. टाकी काढून दुसऱ्या खोलीत ठेवावी.

मग ब्रेक. सीबीझीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे चार वर्षांत कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकण्याची शक्यता मोठी आहे. कॅलिपर आणि मास्टर सिलिंडरचे रबर किट बदलावे, होजला चिरा असतील तर होज बदलावा आणि नवीन ऑइल भरून हवा काढावी. मागचे ब्रेक शू चकचकीत झाले असतील तर बदलावे. टायरच्या कडेवर चार आकडी संख्या असते, उदाहरणार्थ 2315 म्हणजे 2015 सालचा 23 वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतका जुना टायर मी वापरू देत नाही. त्यानंतर हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग), चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचे) बुश, पुढच्या शॉकअपचे ऑइल सील आणि चेन स्प्रॉकेट तपासावे. हँडल मधोमध आणताना अडकल्यासारखे वाटले तर कोनसेटला खळगे पडलेले असतात, आणि तो दोष नव्या खालच्या हँडलवर अधिक जाणवतो, कारण तेव्हा शरीराचा भार पुढे आलेला असतो.

माझ्या हिशेबाने आपल्या 30,000 पैकी निम्म्याहून अधिक रक्कम इथेच खर्च होईल, आणि त्यातील काहीच फोटोत दिसणार नाही. तरीही ती इथेच खर्च व्हावी असे मी ठामपणे सांगतो. त्यानंतर गाडी किमान 200 किलोमीटर मूळ रूपात चालवावी. हिंगण्यापर्यंत जाऊन यावे, रिंग रोडने फिरावे, सीताबर्डीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर न्यावी. इंजिनाचे काम निघणार असेल तर ते या 200 किलोमीटरमध्ये निघते, रंगकाम झाल्यावर निघत नाही.

दुसरा टप्पा बसण्याचा, आणि माझ्या मते संपूर्ण कामाचा गाभा हाच आहे. हँडल, सीट आणि पायदान या तीन बिंदूंचा त्रिकोण शरीराला धरून ठेवतो. बहुतेक जण फक्त हँडल खाली घेतात आणि पायदाने जागेवरच ठेवतात. मग गुडघे पुढे, हात खाली आणि पाठ मध्ये दुमडलेली अशी अवस्था होते, व सगळा भार मनगटांवर येतो. पायदाने मागे आणि थोडी वर नेली की पायांनी टाकी धरून शरीर पेलता येते आणि मनगटे मोकळी राहतात. म्हणून काहीही विकत घेण्याआधी लाकडाची फळी, जुना पाइप, पुठ्ठा आणि क्लॅम्प वापरून ही ठेवण गाडीवरच उभी करावी, गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि 20 मिनिटे घड्याळ लावून बसावे. पाचव्या मिनिटाला जे छान वाटते ते पंधराव्या मिनिटाला तसे वाटत नाही. माझ्या कामात ही बैठक दोनदा तरी बदलावी लागते.

हँडलसाठी दोन मार्ग आहेत. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना थेट धरणारे क्लिप-ऑन हे खरे कॅफे रेसरचे हँडल, पण नळीचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजून त्याच मापाचे घ्यावे. व्यासात अर्ध्या मिलिमीटरची तफावत असेल आणि मध्ये पत्रा घालून ते बसवले असेल, तर जोराचा ब्रेक लावताना ते फिरते. दुसरा मार्ग म्हणजे मूळ क्लॅम्पवर बसणारे बुटके, सरळ किंवा किंचित खाली वाकलेले हँडल. शहरात आठवड्याचे तीन-चार दिवस गाडी चालवणाऱ्याला मी दुसरा मार्ग सुचवतो. मे महिन्यात दुपारी व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर, तापलेल्या टाकीवर ओणवे होऊन उभे राहावे लागते तेव्हा या 40-50 मिलिमीटर उंचीचे महत्त्व कळते. कोणतेही हँडल बसवले तरी ते दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून तीन गोष्टी पाहाव्यात: बोटे टाकीत चेपत नाहीत ना, ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, आणि इंजिन सुरू असताना हँडल वळवल्यावर रेस आपोआप वाढत नाही ना. शेवटची गोष्ट घडत असेल तर ॲक्सिलेटर केबल आखूड पडते आहे किंवा चुकीच्या मार्गाने नेली आहे, आणि वळणावर हा दोष जीवघेणा ठरू शकतो.

पुढच्या शॉकअपच्या नळ्या वर सरकवून पुढचा भाग खाली घेण्याचा मोह अनेकांना होतो. सुमारे 1,300 मिलिमीटर व्हीलबेसच्या (दोन चाकांच्या मध्यांमधील अंतराच्या) गाडीत 15 मिलिमीटर सरकवले की चेसीचा कल साधारण 0.66 अंशाने बदलतो. आकडा लहान दिसतो, पण हँडल हलके होते आणि वेगात सरळ रेषेतील स्थिरता कमी होते. मी 10 मिलिमीटरच्या पुढे जात नाही, आणि त्यानंतरही स्प्रिंग काढून शॉकअप पूर्ण दाबून चाक कुठे घासते का ते पाहतो.

मागे नेलेल्या पायदानांबरोबर गिअरचा लिव्हर आणि मागच्या ब्रेकचा रॉड बदलतो. गिअरचा जोडरॉड उलटा जोडला गेला तर गिअर टाकण्याची दिशा उलटते. सवय होईल असे म्हणून ते तसेच ठेवू नये, कारण घाईच्या क्षणी पाय जुन्या सवयीनेच चालतो. ब्रेकच्या पेडलची लांबी कमी झाली तर तितक्याच दाबाने ब्रेक कमी लागतो, म्हणून पेडलच्या खुंटीपासूनची दोन्ही अंतरे मूळ गाडीवर मोजून त्यांचे प्रमाण तेच ठेवावे. ब्रेक लाइटचा स्विचही नव्या जागी आणावा लागतो, आणि हे बरेच जण विसरतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे मागच्या बाजूकडे येतो. मी माझ्या सुरुवातीच्या काळात, स्वतःच्या टू-स्ट्रोक गाडीची चेसी नुसत्या अंदाजाने कापून त्यावर पाइपचा अर्धगोल लूप वेल्ड केला होता. गाडी उभी असताना टायर आणि सीटच्या पत्र्यात चांगली जागा दिसत होती. एका रात्री कामठी रोडवर खड्ड्यातून जाताना शॉकअप पूर्ण दाबला गेला, टायर वर येऊन सीटखालच्या वायरिंगला घासला, फ्यूज उडाला आणि चालत्या गाडीचे सगळे दिवे गेले. मागून ट्रक येत होता. तेव्हापासून मी कोणत्याही गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप काढतो, चाक हाताने उचलून शॉकअपच्या सर्वांत कमी लांबीपर्यंत वर नेतो, आणि त्या स्थितीत टायरच्या वर किमान 25 मिलिमीटर जागा उरली तरच सीटची उंची पक्की करतो.

आपल्या गाडीसाठी माझे उत्तर असे आहे की चेसी कापू नये. मागची ग्रॅब रेल (मागे बसणाऱ्याने धरायची दांडी) आणि मडगार्ड ज्या बोल्टवर बसतात त्याच छिद्रांवर बसणारा, 22 मिलिमीटर बाह्य व्यासाच्या आणि 2 मिलिमीटर जाडीच्या पाइपचा लूप वेगळा तयार करावा. वेल्डिंग करायचेच असेल तर ते या लूपवर, गाडीपासून दूर, टेबलावर करावे. दोन पाइप जोडताना आत घट्ट बसणारा नळीचा तुकडा घालून जोड द्यावा, नुसते टोकाला टोक लावू नये. हा लूप फक्त सीटचे मागचे टोक, टेल लाइट आणि नंबर प्लेट पेलतो. स्वाराचा भार मूळ चेसीवरच राहतो, आणि म्हणून घरच्या वेल्डिंगवर जीव टांगणीला लागत नाही. नोंदणीत दोन आसने असतील तर मागची मूठ, पायदाने आणि साडी गार्ड पुन्हा बसवता येतील अशी जागा सोडावी. सीटचा खालचा पत्रा आणि टाकीची खालची कड एका आडव्या रेषेत आली की गाडीला कॅफे रेसरचे रूप येते, मग मागची चेसी दोन इंच लांब आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पॉड फिल्टरबद्दल माझे मत बहुसंख्य लोकांपेक्षा वेगळे आहे. मूळ एअर बॉक्स, म्हणजे एअर फिल्टर ज्यात असतो तो डबा, काढू नये. तो इंजिनाला शांत, गाळलेली आणि त्यामानाने थंड हवा देतो. पॉड लावल्यावर हवा वाढते आणि मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. त्यासाठी मेन जेट, स्लो जेट आणि नीडलची (जेटमध्ये वर-खाली होणाऱ्या सुईची) उंची असे तिन्ही पाहावे लागते, आणि त्यासाठी एकच आकडा सांगता येत नाही. सीबीझीच्या कार्ब्युरेटरमध्ये ॲक्सिलेटर झटकन उघडताच जास्तीचे पेट्रोल सोडणारा पंप आहे, त्यामुळे केवळ झटका देऊन पाहिल्यास मिश्रण योग्य असल्याचा भास होतो. त्यातच नागपूरच्या हवामानाचा प्रश्न येतो. डिसेंबरच्या पहाटेची 11 अंशांची हवा आणि मेच्या दुपारची 45 अंशांची हवा यांच्या घनतेत सुमारे 10 टक्के फरक असतो, म्हणून थंडीत बरोबर बसवलेले जेट उन्हाळ्यात रिच (पेट्रोल जास्त) वाटते आणि उन्हाळ्यात बसवलेले थंडीत लीन पडते. निर्मात्याने एअर बॉक्ससह केलेली जुळणी ही तफावत बऱ्यापैकी सांभाळून घेते. सायलेन्सरवर कापडी पट्टी गुंडाळण्याचा विचार असेल तर तोही सोडावा, कारण पावसाळ्यात पट्टीखाली ओल धरते आणि पाइप आतल्या आत गंजतो. सायलेन्सरमधील जाळी काढून आवाज वाढवू नये, हे वेगळे सांगायला नको.

वायरिंग कापण्याआधी प्रत्येक जोडाला कागदी चिठ्ठी लावावी आणि फोटो काढावेत. त्या काळातील अनेक गाड्यांचा हेडलाइट मॅग्नेटमधून येणाऱ्या एसी करंटवर थेट चालत असे, त्यामुळे त्यात सरळ एलईडी बल्ब टाकला तर तो लुकलुकतो किंवा लवकर जातो. लाइन डीसी आहे की एसी, हे मल्टिमीटरने आधी पाहावे. एलईडी इंडिकेटर लावले तर करंट कमी लागतो आणि इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर भलत्याच वेगाने चालतो, म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा. वेल्डिंग गाडीवर करायची वेळ आलीच तर बॅटरी आणि सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) दोन्ही सोडवून ठेवावे.

आपण पावसाळ्याआधीची मुदत घातली आहे, ती मात्र मी मोडायला सांगेन. एप्रिल-मे महिन्यांत ब्रेक, बेअरिंग, चाके आणि बैठकीची तयारी करावी. सीटचा मागचा उंचवटा फायबर ग्लासचा करायचा असेल तर आपल्याकडील उन्हात रेझिन मिसळता मिसळता भांड्यातच घट्ट होते. उन्हाळ्यात ते करायचेच झाले तर पहाटे, हार्डनर कमी घालून, थोडे थोडे मिसळावे. रंगाचेही तसेच आहे. कडक उन्हात रंग पृष्ठभागावर पसरण्याआधी सुकतो, वर धूळ बसते, आणि पावसाळ्यात ओलाव्यामुळे चमक मरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्या भागातील रंगकामाचा काळ आहे. पावसाळाभर गाडी जुन्याच रंगात चालवावी. त्या काळात बैठकीतील उणिवा कळतात आणि थंडीत रंग देताना पुन्हा काही कापावे-ठोकावे लागत नाही.

सगळे जोडून झाल्यावर प्रत्येक नवीन बोल्टवर रंगाच्या पेनाने बोल्टपासून नटापर्यंत एक सरळ रेघ ओढावी. पहिल्या 50 किलोमीटरनंतर आणि पुन्हा 500 किलोमीटरनंतर त्या रेघा पाहाव्यात. रेघ तुटलेली दिसली की तो नट सैल झाला आहे. क्लिप-ऑन, पायदाने आणि मागचा लूप यांचे बोल्ट पहिल्या 50 मध्ये हमखास थोडे बसतात आणि पुन्हा आवळावे लागतात. कामाला हात घालण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्रातील आसनसंख्या, पुढच्या शॉकअप नळीचा व्यास आणि मागचे शॉकअप काढून चाक वर नेल्यावर टायरच्या वर उरणारी जागा, ही तीन मापे मला कळवली तर लूपची लांबी आणि सीटची उंची मी आकड्यांत सांगू शकेन.